प्रतिभेलाही सवड हवी

प्रेरणा ही दैवी देणगी आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. नारायण सुर्वे यांचे जीवन तिला उत्तर देते. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेल्या या अनाथ मुलाने गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली, पुढे शिक्षकी पत्करली. १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला काव्यसंग्रह निघाला.

अनुभव त्यांना गिरणगावाने दिला. परंतु अनुभवाची कविता व्हावयास वाचन, सोबती आणि सवड लागते. असे किती सुर्वे पाळीच्या थकव्यात मुके राहिले असतील? म्हणूनच आठ तासांच्या कामाचा लढा हा संस्कृतीचाही लढा होय. वस्तीवस्तीत संध्याकाळी एक दिवा, चार पुस्तके आणि ऐकून घेणारा एक माणूस असावा. एवढे आपण करू या.