बैल पारखून घेतो, ट्रॅक्टर का नाही?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलणार नाही. त्यावर सकाळपासून पुष्कळ बोलणे झाले आहे. आम्ही आज आमचीच एक फजिती सांगणार आहोत. ती सांगताना थोडी लाज वाटते, कारण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचा, पावती जपून ठेवा, असे तुम्हाला गावोगाव सांगत फिरणारे आम्हीच. आणि पाच वेळा न वाचता कागदावर सही करणारेही आम्हीच.

बैलबाजारात आपल्याला कोणी सहज फसवू शकत नाही. आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, वखराला जुंपून पाहतो. खोड निघाली तर बाजारभर बोलतो. ट्रॅक्टर घ्यायला गेलो की मात्र आपण हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो आणि साहेब बोट ठेवतील तिथे सही करतो. बैलाच्या दहापट पैसा, आणि पारख शून्य.

२०२२ च्या गुढीपाडव्याला आमच्या घरी नवा ट्रॅक्टर आला. आम्ही दोघे भाऊ. शेती मोठे दादा पाहतात, आम्ही सभा पाहतो. कर्ज बँकेचे, हप्ता सहामाही. उन्हाळ्यात आपली नांगरटी करायची, मग गावातल्या चार घरांची करायची आणि त्यातून हप्त्याचा भार हलका करायचा, असा हिशेब होता.

तासाच्या मीटरवर ४१ तास झाले आणि इंजिन तापू लागले. रेडिएटरमधले पाणी कमी व्हायचे, पण खाली जमिनीवर एक थेंब दिसत नसे. शोरूमला नेला. थर्मोस्टॅट बदलला, दोन दिवस गेले. ६३ तासांवर पुन्हा तेच. रेडिएटरचे झाकण आणि पाईप बदलले, एक दिवस. ९० तासांवर वॉटर पंप बदलला, सहा दिवस. ११८ तासांवर हेड उघडून गॅस्केट बदलली, त्यात अकरा दिवस गेले आणि ते ऐन जूनचे. १३१ तासांवर पाचव्यांदा ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये, सात दिवस. पहिल्या शंभर दिवसांतले २७ दिवस आमचा नवा ट्रॅक्टर त्यांच्या अंगणात उभा होता.

प्रत्येक वेळी दोष आमचाच निघे. 'भाऊ, पाणी कोणतं टाकता? बोअरचं? मग तापणारच.' पुढच्या वेळी, 'नांगर खोल लावता.' त्याच्या पुढच्या वेळी, 'चालवणारा कोण आहे?' वीस वर्षे ट्रॅक्टर चालवणारे आमचे दादा मान खाली घालून ऐकून घेत. आणि घेऊन जाताना एका कागदावर सही. त्यावर छापलेले असे, 'काम समाधानकारक झाले.'

जूनमध्ये पाऊस आला तेव्हा ट्रॅक्टर नव्हता. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेल तेव्हा आणि सांगेल त्या भावाने घेतला. कपाशी कशीबशी लागली. ज्वारीचे दोन एकर मागे पडले. उशिरा पेरलेल्या खरीप ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते, हे आम्ही कॉलेजात शिकलो आणि तुम्हाला शिकवतो. ती आमच्याच वावरात पडली. पोंगे वाळून गेले.

तेव्हा आमची आई म्हणाली, 'नवी गाय लाथ मारते तर चार गावं सांगत फिरता. हे इंजिन पाणी पिते तर गुपचूप काय बसता?' तिथून आमचे डोळे उघडले.

बिघाड आणि दोष

आधी एक गोष्ट समजून घेऊ. यंत्र बिघडते, त्यात नवल नाही. पट्टा तुटतो, सील जाते. ते दुरुस्त होते आणि काम चालू राहते. तोच बिघाड पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी नवा भाग बदलतात आणि दुखणे जागेवरच राहते, तेव्हा ते भागाचे दुखणे नसते. एक तर दोष मुळात, कारखान्यात राहिलेला असतो, नाही तर वर्कशॉपला रोग सापडलेला नसतो. कायद्याच्या भाषेत पहिला मालातला दोष आणि दुसरी सेवेतली त्रुटी. दोन्हींची तक्रार करता येते.

पाणी बाहेर गळत नसेल तर ते आत जाते. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, आणि थंड असतानाच, रेडिएटरचे झाकण काढायचे, इंजिन सुरू करायचे आणि पाहायचे. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. ऑइलची काडी काढून पाहायची. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे. गरम इंजिनचे झाकण मात्र कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजेल. आमच्या ट्रॅक्टरला पहिल्या दिवसापासून बुडबुडे होते. कोणी पाहिले नाही, आम्हीही नाही.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत सदोष नव्या मोटारीला लोक 'लिंबू' म्हणतात. तिथल्या कनेक्टिकट राज्याने १९८२ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला, पुढे इतर राज्यांनीही केला. हिशेब साधारण असा, की ठरलेल्या मुदतीत त्याच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही दोष गेला नाही, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. आपल्याकडे असा आकडा ठरवणारा कायदा नाही. म्हणून किती वेळा नेला आणि किती दिवस ठेवला, हा आकडा आपणच लिहून ठेवायचा आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे. पहिला १९८६ चा, आता २०१९ चा, तो जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो.

शेतकरी ग्राहक आहे का, हा वाद कंपन्या घालतात. बियाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. ट्रॅक्टरबाबत 'तुम्ही भाड्याने चालवता, म्हणजे धंदा करता' असे म्हणतात. कायदा असे सांगतो की स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी कामात मोडत नाही. तसे असेल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. वर्कशॉपचे 'उद्या या, परवा या' ऐकत ही दोन वर्षे घालवू नका. एकाच कारणाने बरेच जण नाडले गेले असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रारही करता येते.

आता कडू गोष्टी. २०० रुपयांत न्याय मिळतो असे सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात लिहिले आहे. आम्हाला अठरा महिने लागले. कारखान्यातला दोष म्हणायचा तर नुसते आपले म्हणणे पुरत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोगाकडे अर्ज करून तपासणी मागायची असते.

नवे वाहनच बदलून द्या, ही मागणी दर वेळी मान्य होत नाही. २००६ साली एका मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हमीत सदोष भाग बदलून देण्याचेच वचन असेल तर अख्खी गाडी बदलायला लावता येत नाही. म्हणून हमीचे पुस्तक नारळ फोडण्याआधी वाचा. २०२१ साली गोव्यातल्या एका ग्राहकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने विक्रेत्याच्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर टाकायला नकार दिला. त्याला दुसरी, आधी वापरलेली मोटार देऊ केली होती, पण कंपनीने स्वतः काय चूक केली हे तक्रारीत मांडलेले नव्हते. यातून शिकायचे ते असे, की तक्रारीत विक्रेता आणि कंपनी दोघांनाही गोवा आणि कोणाची चूक कोणती हे वेगवेगळे लिहा.

आमचे काय झाले

जुलैत आम्ही विक्रेत्याला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. उत्तर आले की कंपनीचा माणूस येईल. तो आला, चहा प्याला, फोटो काढून गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही तक्रार दाखल केली. जानेवारीत तज्ज्ञाने ट्रॅक्टर उघडला, तेव्हा इंजिनच्या ब्लॉकच्या ओतकामात चीर सापडली. पाच वेळा त्यांनी जे बदलले त्याचा या दुखण्याशी संबंधच नव्हता. बोअरच्या पाण्याचा नव्हता आणि दादांच्या हाताचाही नव्हता. त्या दिवशी दादा घरी येऊन नीट जेवले.

मार्च २०२४ मध्ये निकाल लागला. नवे इंजिन, त्यावर नवी हमी आणि काही नुकसानभरपाई. तोवर ट्रॅक्टर गोठ्यात उभा आणि हप्ता चालू. भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे मिळाले नाहीत, कारण पावती नव्हती. ज्वारीचे मिळाले नाहीत, कारण पंचनामा नव्हता. आणि 'समाधानकारक' म्हणून केलेल्या आमच्या पाच सह्या त्यांच्या वकिलाने एकेक करून आयोगापुढे ठेवल्या. आम्ही जिंकलो, पण जिथे कागद नव्हता तिथे हरलो.

आता करायचे काय

एक. ट्रॅक्टर वर्कशॉपला नेला की जॉबकार्ड घ्या. त्यावर तारीख, मीटरचे तास आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकिंग' असे लिहू देऊ नका.

दोन. परत घेताना सही करण्याआधी स्वतःच्या हाताने लिहा, 'चालवून पाहिल्यावर कळवीन.' लिहू देत नसतील तर त्याच दिवशी पत्र पाठवा.

तीन. बदललेला जुना भाग पाहायला मागा आणि त्याचा फोटो काढा. काय बदलले ते कागदावर लिहून घ्या.

चार. दुसऱ्यांदा तोच बिघाड आला की तोंडी बोलणे बंद. लेखी पत्र विक्रेत्याला आणि कंपनीला, पोच घेऊन. हमी चालू असताना बाहेरच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडू नका, तेच कारण ते पुढे करतील.

पाच. भाड्याने काही घेतले तर पावती, पीक गेले तर पंचनामा.

सहा. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, भांडण कंपनीशी. हप्ता थकला तर ट्रॅक्टर ओढून नेतील आणि आपला सगळ्यात मोठा पुरावाच दारातून जाईल.

सात. एकट्याने जाऊ नका. आम्ही चार वेळा एकटे गेलो, पाचव्यांदा गावातले अकरा जण घेऊन गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली, आणि त्याच शोरूमचे आणखी दोन तापणारे ट्रॅक्टर कोणाच्या घरी आहेत तेही कळले.

भावांनो, कापूस विकायला नेतो तेव्हा ग्रेडर बोंड चुरडून पाहतो, ओल आहे म्हणतो, भाव पाडतो. आपल्या मालाची एवढी कसून तपासणी होते. मग आपण घेतो त्या मालाची तपासणी आपण का करू नये? गावी गेल्यावर एक काम करा. ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतला ट्रॅक्टर, पंप किंवा मोटार असेल, त्यांनी हमीचे पुस्तक आणि जॉबकार्डे एका पिशवीत घालून ठेवा. पुढच्या तालुका बैठकीला ती पिशवी घेऊन या. आपण एकत्र बसून वाचू.