भिंती राहिल्या, माणसे गेली
(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा सारांश)



इंग्लंडमध्ये अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, १९८५ च्या उन्हाळी सुटीत मी दक्षिण स्पेनमधील ग्रानादा येथील अल्हंब्रा हा राजवाडा पाहिला. नस्रीद घराण्याच्या पहिल्या सुलतानाने १२३८ मध्ये त्याची उभारणी आरंभिली. तेथील नक्षीदार छतांची आणि बारा सिंहांच्या कारंज्याची वर्णने आपण वाचलेली असतात. मला खिळवून ठेवले ते पाण्याने. राजवाडा टेकडीवर आणि नदी खाली दरीत! दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून, उताराचा काटेकोर हिशेब राखीत, सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पाटाने ते येथवर आणले आहे. भिंतींवर सुलतानांची स्तुती कोरलेली आहे. पाट खोदणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत.

अशाच पाटांवर ग्रानादाच्या आणि व्हॅलेन्सियाच्या परिसरातील बागायत पोसली जात होती. ते कौशल्य ज्यांच्या हाती होते त्यांचे पुढे काय झाले?

२५ नोव्हेंबर १४९१ रोजी शरणागतीचा तह झाला. मुसलमान प्रजेचा धर्म, मशिदी, कायदा आणि मालमत्ता सुरक्षित राहील, असे वचन त्यात होते. जानेवारी १४९२ मध्ये राजवाडा ख्रिस्ती राजसत्तेच्या ताब्यात आला. ३१ मार्चला ग्रानादाहूनच ज्यूंच्या हकालपट्टीचे फर्मान निघाले. १४९९ पासून मुसलमानांचे सक्तीचे धर्मांतर सुरू झाले. तहाला जेमतेम आठ वर्षे झाली होती. धर्मांतरितांच्या वंशजांना, म्हणजे मोरिस्कोंनाही, पुढे अभय मिळाले नाही. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर घालविले गेले.

व्हॅलेन्सिया प्रांताची जवळजवळ एकतृतीयांश वस्ती गेली. गावे ओस पडली, जमीनदारांचे खंड बुडाले, कर्जे थकली. जमीनदारांना सावरण्यासाठी राजसत्तेने त्यांच्या कर्जावरील व्याजाचा दर उतरविला आणि त्याची झळ धनकोंना पोहोचली. हा ताळेबंद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य मांडावा. परंतु तेथेच थांबू नये. हकालपट्टी फायद्याची ठरली असती, तर ती न्याय्य ठरली असती काय? माणसाचा आपल्या भूमीवरील हक्क त्याच्या उपयुक्ततेवर अवलंबून ठेवला, की उपयोग सरताच हक्कही सरतो.

विजेत्यांनी राजवाडा मात्र जपला. पाटाला स्पॅनिश भाषेत आजही ‘आसेकिया’ हा मूळचा अरबी शब्दच आहे. १९८४ मध्ये युनेस्कोने अल्हंब्राला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०१५ मध्ये स्पेनने हद्दपार ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देऊ करणारा कायदा केला. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झाला नाही.

वास्तूचा अभिमान बाळगणे सोपे असते, कारण वास्तू काही मागत नाही. माणसे हक्क मागतात. म्हणून एखाद्या राष्ट्राची सहिष्णुता पारखताना, त्याने कोणते मनोरे जतन केले यापेक्षा दुर्बळांना दिलेली कोणती वचने पाळली, हे आपण आधी विचारले पाहिजे.