दहावा हिस्सा कशातला?

सप्ताह जवळ आला, जत्रा आली, की आपल्या उदगीरकडच्या गटांच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "ताई, वर्गणी द्यायचीय, गटातून दोन हजार मिळतील का?" यंदा एकीनं पुढं विचारलं, कमाईचा दहावा हिस्सा देवाचा म्हणतात, तर तो कर्ज काढून दिला तर चालतो का?

दहाव्या हिश्श्याची रीत आपल्याला परकी नाही. नांदेडला हुजूर साहिबला लंगरमध्ये तुमच्यातल्या कितीतरी जणी जेवल्या असतील. शीख लोक कमाईतला दहावा भाग धर्मकार्याला देतात, त्याला दसवंध म्हणतात. पूर्वी तो गोळा करायला मसंद नावाची माणसं नेमलेली होती. पुढं त्यातले काही जण पैसा खायला लागले, लोकांना छळायला लागले. तेव्हा गुरु गोविंदसिंगांनी, ज्यांनी १७०८ साली नांदेडलाच देह ठेवला, मसंदांची पद्धतच मोडून टाकली. देवाच्या पैशाचाही हिशोब विचारता येतो तो असा. आपण पावती मागायलासुद्धा लाजतो!

आपल्या मुस्लिम बहिणींकडं पिकावर उश्र असतो. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. म्हणजे पाण्याचा खर्च आणि कष्ट त्यात धरलेत. जकात वेगळी. ती वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशावर, सोन्याचांदीवर, चाळिसावा हिस्सा. आणि कर्जात बुडालेलं माणूस जकात घेणाऱ्यांत मोजलं जातं.

आता शेजारच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची गोष्ट, बाराव्या शतकातली. बसवण्णांच्या शिकवणीत आधी कायक, म्हणजे स्वतःच्या कष्टाचं काम, आणि त्यातून दासोह. तिथं मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं सांडलेले तांदूळ वेचून आणायचं आणि त्यातूनच जंगमांना जेवू घालायचं. एके दिवशी मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानं ते घरात घेतलेच नाहीत. जास्तीचे जिथले तिथं टाकून या, म्हणाली, आणि नवरा परत गेला. रोजच्या मापातच तिनं सगळ्यांना जेवू घातलं, असं शरणांच्या कथेत सांगतात. मला ही बाई फार आवडते. काय द्यायचं आणि कशातून द्यायचं, हे तिनं ठरवलं.

आपल्याकडं आकडा पारावर बोलून येतात मालक आणि तो फेडायचा दुधाच्या पैशातून बाईनं. दूध तिचं, शेण तिनं काढलेलं, पावतीवर नाव मात्र त्यांचं.

समजा, महिन्याला दुधाचे ६,००० रुपये आले. पेंड-चाऱ्याला ३,५०० गेले, गटाचा हप्ता १,२०० गेला. हातात राहिले १,३००. दहावा हिस्सा सरसकट धरला तर ६०० होतो, उरलेल्यातला धरला तर १३०. मला १३० चाच हिशोब पटतो. त्यातही लेकराची फी थकली असेल तर आधी ती भरा, आणि सप्ताहाच्या पंगतीला दोन तास पोळ्या लाटून या. तेही देणंच आहे.

गटाचं कर्ज मात्र कमाईत येत नाही. तो दहा जणींचा पैसा आहे. म्हणून कर्जाच्या अर्जात कारण "वर्गणी" लिहिलेलं दिसलं, तर सचिवताईंनी अर्ज बाजूला ठेवावा आणि त्या बाईला आधी एवढंच विचारावं, की हा आकडा बोललं कोण?