रहाटाची माळ
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी विषय दिलाय, ‘आवडीतून ऑनलाइन व्यवसाय’. भूगोलाच्या वहीत नकाशाऐवजी केळीचे घड काढणारी मुलगी एक दिवस यावर बोलेल, असं तेव्हा कुणालाच वाटलं नसतं.

मुंबईला छपाईच्या कामात सोळा वर्षं गेली. २०२०च्या टाळेबंदीत नोकरी सुटली आणि मी इन्स्टाग्रामवर चित्रं विकायला लागले. आधी काय खपतंय ते पाहिलं. वारली चित्रांचे कप, पिशव्या खपत होत्या, म्हणून मीही तेच काढलं. वारली कला आपल्याच जिल्ह्यातली. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या रेषेमागे त्यांचं शेत होतं, त्यांचा तारपा होता. माझी नुसती नक्कल. वर्षभरात जेमतेम खर्च निघाला, आणि गिऱ्हाइकाच्या आधी मीच कंटाळले.

मग स्वतःला विचारलं, कुणी पैसे दिले नाहीत तरी मी काय काढत राहीन? उत्तर गिरीजमध्येच होतं. बावखल, रहाट, पानवेली, वाळत घातलेली सुकेळी, लाल लुगड्यातली आजी. बारा चित्रं काढली, प्रत्येकाखाली आपल्या सामवेदी बोलीतला एक शब्द लिहिला आणि २०२२ची दिनदर्शिका छापली. ३०० प्रती. पैसे आईच्या भिशीचे.

पहिली प्रत शेजारच्या आजोबांना दिली. मार्चच्या पानावर रहाट होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पोरी, उतरणाऱ्या गाडग्यांची तोंडं वर कशी?” वर येणारं गाडगं भरलेलं, तोंड वर. माथ्यावर ते रिकामं होतं आणि पालथं होऊन खाली उतरतं. मी दोन्ही बाजूंची तोंडं वरच काढली होती. मी पंपाच्या काळातली. चालता रहाट पाहिलाच नव्हता.

तोवर ७० प्रती गेल्या होत्या. कुणाला कळणार आहे, असं मन सांगत होतं. पण माझं गिऱ्हाईक कोण? वसई सोडून कॅनडाला, आखातात गेलेली आपली माणसं. त्यांनी तो रहाट पाहिला होता. मी चूक सगळ्यांना कळवली, पान नव्याने छापलं आणि पोस्टाने पाठवलं. चौदा हजार गेले. आईला सांगताना रडले.

उत्तरं मात्र येत राहिली. एकाने आजोळच्या बावखलाचा फोटो पाठवला, एकीने विसरत चाललेले दहा शब्द लिहून दिले. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका त्यातूनच झाली. आज अर्धं घर यावर चालतं, अर्धं चित्रकलेच्या शिकवण्यांवर. खोटं कशाला सांगू?

नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी २०२० साली नातवाच्या मदतीने यूट्यूबवर ‘आपली आजी’ झाल्या. त्यांनी दाखवला तो आयुष्यभर केलेला स्वयंपाक. त्यात त्यांना कोण चुकवणार?

सुरू करणाऱ्यांना तीनच गोष्टी सांगते. गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या वहीत ठेवा. उद्या खातं बंद पडलं तर वही राहते. किंमत ठरवताना आपले तास धरा. आणि आगाऊ नोंदणी घेऊन मगच छापा. ही शेवटची मला आईच्या भिशीने शिकवली.

ते आजोबा आता नाहीत. बावखलंही एकेक करून बुजतायत. तुमच्या घरी जुना फोटो असेल, एखादा शब्द आठवत असेल, तर जेवणाआधी मला भेटा. वही आणली आहे.