युरिया पंपाचा विद्युतदोष : भाग बदलण्यापूर्वी मोजमाप

(यंत्रसामग्रीच्या देखभालीविषयी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तलावातील गाळ काढणारे यंत्र ऐन मे महिन्यात बंद पडले, तर त्याची झळ प्रथम गावाला लागते. मृगापूर्वी उरकले नाही ते काम दिवाळीपलीकडे जाते. यंत्र अडून राहण्याच्या जुन्या कारणांत अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. इंजिन धडधाकट असते, टाकीत डिझेल असते, तरीही यंत्राची ताकद आपोआप उतरते आणि समोरच्या पडद्यावर दोषसंकेत उमटतो. पुष्कळदा हा संकेत युरियाच्या पंपाच्या विद्युतमंडलाचा असतो. दुरुस्तीच्या देयकावर सही करणारे बहुधा आपणच असता. म्हणून हा विषय केवळ फिटरचा राहत नाही.

आपल्या देशात बांधकाम यंत्रांसाठी धुराचे चौथ्या टप्प्याचे निकष १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार ५६ किलोवॉट व त्याहून मोठ्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॉट-तासास ०.४ ग्रॅम इतकी कडक झाली. ती पाळण्यासाठी अनेक मोठ्या यंत्रांत धुराच्या नळीत युरियाचे द्रावण फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने विषारी वायूचे रूपांतर नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत होते. हे द्रावण टाकीतून ओढून दाबाने पुढे पाठविणारा तो हा पंप. पंप थांबला की फवारा थांबतो, धूर मर्यादेबाहेर जातो, आणि म्हणून यंत्रातील नियंत्रक इंजिनाची शक्ती मुद्दाम घटवितो.

द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकीचे क्षारविरहित शुद्ध पाणी असते. ऑपरेटर मंडळी त्याला नुसते 'युरिया' म्हणतात, त्यामुळे पोत्यातील खत पाण्यात कालवून ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. अनुदानाचे खत शेतीबाहेर वळविणे बेकायदेशीर आहेच. शिवाय २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल व इतर अशुद्ध द्रव्ये पंप, फवारणीचे तोंड आणि उत्प्रेरक या तिघांनाही अपायकारक आहेत.

आता दोषसंकेताकडे वळू. त्याचे दोन भाग असतात. पहिला आकडा मंडल कोणते ते सांगतो, दुसरा दोषाचा प्रकार. अवजड यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ३ म्हणजे विद्युतदाब नेहमीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे प्रवाह कमी अथवा मंडल तुटलेले, आणि ६ म्हणजे प्रवाह जास्त अथवा तार सांगाड्याला टेकलेली. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावयास हवी. संकेत मंडलाचे नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचे नव्हे. 'पंपाचे मंडल खंडित' याचा अर्थ नियंत्रकापासून पंपापर्यंत कोठेतरी वाट तुटली आहे, एवढाच. त्या वाटेवर फ्यूज आहे, रिले आहे, दोन-तीन कनेक्टर आहेत, कित्येक फूट तार आहे आणि सरतेशेवटी पंप आहे. तरीही पडद्यावर पंपाचे नाव दिसताच नवा पंप मागविला जातो. तो महाग असतो, यावयास दिवस लागतात, आणि बसविल्यावर संकेत कायम राहिला तर विजेचा भाग म्हणून विक्रेते तो सहसा परत घेत नाहीत.

दोष बहुधा कोठे लपलेला असतो? सांडलेल्या द्रावणातील पाणी उडून जाते आणि पांढरे स्फटिक मागे राहतात. ते कनेक्टरात शिरतात, तांब्याच्या तारेच्या आवरणाखालून पुढे सरकतात आणि तांबे हिरवट होऊन खाल्ले जाते. जोराच्या फवाऱ्याने यंत्र धुतले की कनेक्टरात पाणी जाते. तारांचा जुडगा लोखंडाला घासतो. उभ्या यंत्रात उंदीर आपले काम करतात ते वेगळेच. एक कारण मात्र केवळ सवयीचे आहे. इंजिन बंद केल्यावर पंप नळ्यांतील द्रावण टाकीकडे परत ओढून घेतो. त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. ऑपरेटरने लगेच बॅटरीची मुख्य कळ बंद केली, तर द्रावण आतच राहून त्याचे स्फटिक बनतात. पंप जखडतो, मोटार जास्त प्रवाह खेचते, आणि पडद्यावर विजेचा दोष उमटतो.

तपासणी बॅटरीपासून सुरू करावी. मोठ्या यंत्रांत सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. मग फ्यूज, रिले, आणि कनेक्टर उघडून डोळ्यांनी पाहणी. त्यापुढचे मोजमाप भाराखालीच करावयाचे असते, आणि नेमके तेच वगळले जाते. गावच्या नळयोजनेत पाइप गाळाने भरलेला असला तरी नळ बंद असताना दाबमापक पूर्ण दाब दाखवितो. नळ सोडला की धार करंगळीएवढी. विजेचे तसेच आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो २४ व्होल्ट दाखवितो. पण गंजलेल्या सांध्याचा रोध २ ओहम असेल आणि त्यातून ५ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर १० व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. पंपाला उरतात १४. म्हणून पंपाचा कनेक्टर काढून त्या जागी २४ व्होल्टचा, २१ वॉटचा दिवा जोडावा आणि तो पेटलेला असताना बॅटरीपासून कनेक्टरपर्यंतचा दाबाचा उतार मोजावा. तो साधारणतः अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. अर्थच्या तारेचीही अशीच परीक्षा घ्यावी; ती बाजू विसरली जाते.

काही पंपांना हुकूम दोन पिळलेल्या संदेशतारांतून मिळतो. बॅटरी बंद ठेवून त्या दोन तारांमधील रोध मोजला असता ६० ओहमच्या आसपास यावा. १२० आला तर एका टोकाचा रोधक किंवा त्याकडे जाणारी तार तुटली असे समजावे. ज्या मोटारीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, तिचा रोध मोजून काही निष्पन्न होत नाही. तिला थेट बॅटरी लावणे तर धोक्याचेच. तारेचे आवरण सुईने टोचू नये, त्या छिद्रातून पुढील गंज सुरू होतो. वीज, अर्थ आणि हुकूम ही तिन्ही भाराखाली ठीक असूनही पंप फिरत नसेल, तरच पंपाकडे बोट दाखवावे, आणि तेव्हाही तो स्फटिकांनी जखडला आहे काय ते आधी पाहावे.

खोटे संकेत देऊन नियंत्रकाला फसविणारी डबी बसवून देतो, असे सांगणारेही भेटतात. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या यंत्राला ती लावणे म्हणजे कायदा मोडून गावच्या हवेत तोच विषारी धूर सोडणे होय.

अधिकाऱ्यांना माझी सूचना इतकीच की, पंप बदलण्याच्या प्रस्तावासोबत चार मापे मागवावीत : बॅटरीचा दाब, दिवा पेटलेला असताना पुरवठ्याच्या तारेतील उतार, अर्थच्या तारेतील उतार आणि संदेशतारांचा रोध. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना ही परीक्षा एक बॅटरी, एक दिवा आणि गंजलेल्या तारेचा तुकडा यांवर वर्गातच करून दाखविता येईल. मापांचा कागद यंत्राच्या लॉगबुकात तारखेसह चिकटवावा. तोच संकेत पुन्हा उमटला तर नव्या फिटरला तेथूनच पुढे जाता येईल.