भांडाराच्या पोटातील भांडार



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या पिढीने शाळेच्या किल्ल्या स्वतःच्या हाताने सांभाळल्या. मी संगणकांची जाळी सांभाळतो. म्हणून किल्ल्यांचाच एक विषय घेऊन आलो आहे. सर्वांसाठी खुल्या केलेल्या भांडाराच्या पोटात दुसरे भांडार असेल, तर त्याचे दार कोणी आणि कसे उघडावयाचे?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. सर्व्हरवरील डिरेक्टरी दुसऱ्या संगणकावर जणू त्याच्याच डिस्कवर असल्याप्रमाणे दिसावी, या हेतूने सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली नेटवर्क फाइल सिस्टीम, अर्थात एनएफएस, ही पद्धती तयार केली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीचे प्रमाणपत्रक १९९५ मध्ये आणि चौथीचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही आवृत्त्या आजही वापरात आहेत. लिनक्स सर्व्हरवर कोणती डिरेक्टरी कोणाला द्यावयाची, हे ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या साध्या फाइलीत लिहितात. ओळीच्या आरंभी डिरेक्टरीचा मार्ग, त्यानंतर घेणाऱ्या संगणकाचे नाव आणि त्याला चिकटून कंसात पर्याय. ‘चिकटून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नाव आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली, तर कंसातील पर्याय त्या संगणकाला न लागता उरलेल्या साऱ्या जगाला लागू होतात.

आता एका शाळेच्या सर्व्हरची कल्पना करा. ‘शाळा’ ही डिरेक्टरी एका डिस्कवर आहे. तिच्या आत ‘विद्यार्थी’ आणि ‘परीक्षा’ अशा दोन डिरेक्टऱ्या आहेत. पण त्या प्रत्येकीवर स्वतंत्र डिस्क जोडलेली आहे. सर्व्हरपुढे बसणाऱ्याला हे एकच झाड दिसते. वस्तुतः त्या तीन निराळ्या फाइल सिस्टीम आहेत.

आपण केवळ ‘शाळा’ खुली केली, तर दुसऱ्या संगणकावरून पाहणाऱ्याला आतल्या दोन्ही डिरेक्टऱ्या रिकाम्या दिसतात. नवखा व्यवस्थापक येथे घाबरतो. त्याला वाटते, फाइली गेल्या. फाइली कोठेही गेलेल्या नसतात. एनएफएस स्वतःहून एका फाइल सिस्टीमचा उंबरठा ओलांडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा उंबरठा ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ‘नोहाइड’. यात आतल्या प्रत्येक फाइल सिस्टीमची स्वतंत्र ओळ लिहावी लागते आणि हा पर्याय त्या ओळीवर द्यावा लागतो. चौथ्या आवृत्तीत त्याची गरज उरत नाही. तेथे जी फाइल सिस्टीम नावानिशी खुली केली आहे, ती योग्य जागी आपोआप दिसते. दुसरा मार्ग ‘क्रॉसमाउंट’. हा पर्याय बाहेरच्या ओळीवर एकदा लिहिला, की आतले सर्व काही, बाहेरच्याच अटींवर, खुले होते.

दुसरा मार्ग सोपा आहे आणि म्हणूनच त्याच्याविषयी सावध राहावे असे मला वाटते. क्रॉसमाउंट दिल्यावर आतली एखादी फाइल सिस्टीम वगळण्याची सोय राहत नाही. ‘विद्यार्थी’ खुली करताना ‘परीक्षा’ही खुली होते. उद्या कोणी तिसरी डिस्क जोडली, तर तीही कोणाला न विचारता खुली होईल. फाइलींवरील परवानग्या शिल्लक असतात, हे खरे. परंतु एनएफएसच्या नेहमीच्या व्यवस्थेत वापरणारा कोण, हे त्याचा संगणक सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. ‘रूट स्क्वॉश’ हा पर्याय मूळ प्रशासकाचे अधिकार काढून घेतो. पण ज्याच्या हाती स्वतःच्या संगणकाचे पूर्ण अधिकार आहेत, तो दुसऱ्या कोणाच्याही क्रमांकाने पुढे येऊ शकतो. प्रश्नपत्रिकांचे रक्षण एवढ्या विश्वासावर सोपवता येणार नाही.

आणखी एक धोका याच्या उलट दिशेचा आहे. ‘विद्यार्थी’ची डिस्क काही बिघाडामुळे जोडलीच गेली नाही, तर सर्व्हर तिच्याखालची रिकामी डिरेक्टरी खुली करतो. मुले दिवसभर तीत काम साठवतात. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली जाते आणि ते काम तिच्याखाली झाकले जाते. त्या ओळीवर ‘माउंटपॉइंट’ हा पर्याय असेल, तर डिस्क जोडलेली असल्याखेरीज ती डिरेक्टरी खुलीच होत नाही. मुलांना त्या दिवशी अडथळा दिसेल. पण केलेले काम हरवल्याचे दुःख वाट्याला येणार नाही.

म्हणून माझे सांगणे असे : ‘परीक्षा’ मुळात ‘शाळे’च्या झाडात ठेवूच नये. जे द्यावयाचे ते एकेक नाव घेऊन द्यावे. बदल केल्यावर ‘एक्स्पोर्टएफएस’ ही आज्ञा ‘व्ही’ या खुणेसह देऊन सर्व्हर खरोखर काय वाटत आहे ते वाचावे. आणि नंतर विद्यार्थ्याच्या संगणकावर जाऊन तेथून काय दिसते तेही पाहावे. सर्व्हरपुढे बसून दिसणारे चित्र आणि मुलाला दिसणारे चित्र ही दोन असतात.

विद्यादानात हात आखडता घेऊ नये, ही या शाळेची परंपरा आहे. तिला बाध येऊ न देता काय द्यावयाचे आणि काय राखावयाचे, हे आपण ठरवून करू या. ते आपोआप घडू देऊ नये.