बाह्य हार्ड डिस्कचा संबंध वारंवार तुटतो तेव्हा
(केंद्रसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेचे दफ्तर ही गावाची स्मृती होय. दाखलखारीज नोंदवहीतील एका ओळीवर कोणाची जन्मतारीख, तर कोणाच्या जातीचा पुरावा अवलंबून असतो. अशा जीर्ण नोंदवह्यांची पाने स्कॅन करून ती बाह्य हार्ड डिस्कवर साठविली जातात. परंतु काम अर्ध्यावर आले असता डिस्क पडद्यावरून नाहीशी होते, क्षणभराने परत येते आणि पुन्हा जाते. अशा वेळी डिस्क निकामी समजून ती कपाटात टाकणे, किंवा ‘फॉर्मॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न पडद्यावर येताच घाईने होकार देणे, ही दोन्ही टोके टाळावयास हवीत. फॉर्मॅट करणे म्हणजे लिहिलेली पाटी पुसण्यास आरंभ करणे होय.

दोष शोधण्यापूर्वी यंत्राची रचना समजून घ्यावी. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते. तत्त्व मात्र तेच आहे. तबकडी वेगाने फिरते आणि वाचन-लेखन करणारे टोक तिला स्पर्श न करता तिच्यावरून सरकते. लहान डिस्कला वीज आणि माहिती ही दोन्ही एकाच केबलमधून मिळतात. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज देतो. भरलेली गाडी जागची हलविताना बैलांना जो जोर लागतो, तो ती चालू लागल्यावर लागत नाही. तबकडीचेही तसेच आहे. फिरू लागताना तिला सर्वांत अधिक वीज लागते. ती कमी पडली की संबंध तुटतो.

यावरून परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो. डिस्क काही काळ तरी उघडत असेल, तर सर्वांत आधी महत्त्वाच्या नोंदी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती त्यानंतर. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते वहीत टिपावे. वर्गात प्रयोग शिकविताना जो नियम सांगितला जातो, तोच येथेही लागू आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला हे कळत नाही.

प्रथम केबल बदलावी. वारंवार वाकलेली, सैल बसणारी अथवा फार लांब केबल हे या दोषाचे नेहमीचे कारण असते. त्यानंतर पोर्ट बदलावा. मधला हब काढून डिस्क सरळ संगणकास जोडावी. टेबलावरील संगणक असल्यास त्याच्या मागील बाजूचा पोर्ट वापरावा. मोठ्या, ३.५ इंची डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर असतो. तो सैल आहे काय, हेही पाहावे.

तरीही दोष राहिल्यास संगणकाची वीज-बचत तपासावी. विंडोज प्रणालीत ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय असते. ती चालू असता संगणक रिकामा पोर्ट झोपवितो व काही डिस्क त्यातून नीट जाग्या होत नाहीत. ती बंद करून पाहावी.

नंतर तीच डिस्क, त्याच केबलने, दुसऱ्या संगणकास जोडावी. तेथे ती सुरळीत चालली, तर दोष पहिल्या संगणकाच्या पोर्टात, विजेत किंवा व्यवस्थेत आहे. चांगल्या केबलनेही ती तेथे तुटत राहिली, तर दोष डिस्कच्या डबीत अथवा खुद्द डिस्कमध्ये आहे, असा संशय घ्यावा. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या पद्धतीने स्वतःच ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने ती वाचता येते. तीत खराब झाल्याने बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या विभागांची संख्या वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नये. आतून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर ती त्याच क्षणी बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याने, किंवा ‘चेकडिस्क’ चालविण्याने, उरलेली माहितीही जाण्याचा संभव असतो. अशी डिस्क उघडू नये. आत गेलेला धुळीचा कणही घातक ठरतो. ती तज्ज्ञाकडेच सोपवावी.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. काम संपल्यावर संगणकास सूचना देऊनच डिस्क काढावी, चालू असताना ती हलवू नये आणि एकाच डिस्कवर विश्वास ठेवू नये. नोंदींची एक प्रत शाळेत व दुसरी अन्य सुरक्षित ठिकाणी असावी. स्कॅन झाले म्हणून मूळ नोंदवही रद्दीत जाऊ देऊ नये. बिघडलेली डिस्क बाजारात नवी मिळते, पण हरवलेली नोंद मिळत नाही. ज्याच्या जन्मतारखेची ती ओळ असते, तो दाखल्यासाठी पुढे केव्हातरी शाळेच्या दाराशी येतोच. त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागू नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.